छत्तीस घोड्यांची डावी बाजू

स्ट्रॅटन पार्कात आता कुठून कुठून माणसं येतात. आगगाडीत बसतात, तळ्यात होड्या वल्हवतात, आणि त्यांतलं एखादं तरी माणूस घोड्यांच्या चक्रापाशी येऊन थबकतं. "हे उलटं का फिरतं हो?" या देशात सगळीकडे असलं चक्र घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतं, आमचं काट्यांसारखं फिरतं. तिकिटं फाडणारी मुलं तोंडाला येईल ते सांगतात. एक सांगतो, मालक इंग्लंडचे होते. दुसरा सांगतो, वारा त्या बाजूने येतो म्हणून. मी रंगाचा डबा घेऊन तिथेच बसलेली असते, पण माझा आवाज असा की शेजारच्यालाही वाकून ऐकावं लागतं. म्हणून लिहून ठेवते. सकाळची जपमाळ झाली की रोज दोन पानं, असं ठरवलं आहे.

माझं नाव एउलालिया. पार्क झालं त्या आधी तिथे अक्रोडांची बाग होती, आणि शरद ऋतूत आम्ही मजुरांच्या कॉलनीतल्या बायका त्या बागेत अक्रोड सोलायला जायचो. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा डाग हातावर बसला की महिना महिना जात नाही. प्रार्थनेला चर्चमध्ये गुडघे टेकले की कोणाचा संसार अक्रोडावर चालतो ते हातांवरून कळायचं. वसंतात त्याच बायका स्टेशनजवळच्या शेडमध्ये संत्री कागदात गुंडाळून पेट्या भरायच्या. तिथली मुकादम होती दोन्या, म्हणजे बाईसाहेब, त्रान्सितो. तिचं बोलणं आठ बाकांपलीकडे ऐकू जायचं.

बागेचे मालक ऑरिन स्ट्रॅटन. आम्ही त्यांना डॉन ओरिन म्हणायचो. उंच, वाकलेले, शेतावर शिकलेलं तोडकंमोडकं स्पॅनिश बोलणारे. "मी"च्या जागी "तू" आणि "काल"च्या जागी "उद्या" सहज घालायचे, पण आम्हाला सगळं समजायचं. सकाळी ते बागेत यायचे आणि खाली पडलेले काळे, पोकळ अक्रोड उचलून कावळ्यांना मारायचे. नेम असा की कावळा शिव्या देत उडायचाच. मला ते बघायला आवडायचं. का, ते पुढे सांगते.

अक्रोडाच्या पोत्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या मागे ते चित्रं काढायचे. एक छोटी आगगाडी, एक तळं, झाडांतून जाणारी वाट, आणि मधोमध घोड्यांचं चक्र. शेजारचे शेतकरी म्हणायचे, स्ट्रॅटनच्या डोक्यात पाणी शिरलं. त्यांची बायको दोन्या हेस्टर शांतपणे म्हणायची, "शिरू दे, बाकी सगळं कोरडंच आहे."

त्या चक्रामागे एक गोष्ट होती, ती आम्हाला सगळ्यांना पाठ होती. डॉन ओरिन सात वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना समुद्रावरच्या धक्क्यावर नेलं, आयुष्यात एकदाच. तिथे असं चक्र होतं. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यांवर बसणाऱ्यांना खांबाच्या हातातून एकेक कडी ओढून घ्यायची असते. बाकी सगळ्या लोखंडी, एखादीच पितळी. पितळी हाती लागली तर पुढचा फेरा फुकट. छोट्या ओरिनने सात वेळा बसून हात लांब केला, खांदा दुखून गेला, पण लोखंडी कडीसुद्धा बोटांत आली नाही. पुढच्या वर्षी धक्का जळाला.

"मला कडीचं काय करायचं होतं," ते म्हणायचे, "मला आणखी एक फेरा हवा होता."

माझ्यापर्यंत हे काम आलं ते संत होसेमुळे. आमच्या छोट्या चर्चमधल्या संत होसेच्या पुतळ्याचा रंग पोपडे धरून निघाला होता. पाद्रीबाबांच्या परवानगीने मी तो पुन्हा रंगवला. गाल, दाढी, हातातल्या काठीवरची पांढरी फुलं. माझा नवरा क्रेसेन्सिओ, ज्याला सगळे चेंचो म्हणतात, डॉन ओरिनच्या बागेत पाणी सोडायचा आणि यंत्रं दुरुस्त करायचा. त्याने जाऊन मालकांना सांगितलं, "माझ्या बायकोने संताला असा रंगवलाय की तो आता माझ्याकडे रागाने बघतो."

डॉन ओरिन स्वतः चर्चमध्ये येऊन पाहून गेले. टोपी हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "इंग्लंडमधून छत्तीस घोडे बोलावलेत. जुने आहेत. लाकूड चांगलं, रंग गेलेला. ईस्टरनंतरच्या शनिवारी पार्क उघडायचं. त्या दिवशी चक्र फिरलं, तर त्यांचा रंग उडत राहील तोवर काम तुझं."

मी हो म्हटलं. हळूच म्हटलं, पण म्हटलं. चाळीस वर्षांची होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेतली फळं सोलली आणि गुंडाळली होती. रंगाच्या डब्यासमोर दिवसभर बसायला मिळेल असं कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. एकदा आणल्यावर मात्र ते जाईना.

दोन्या त्रान्सितोला सांगायला गेले तेव्हा ती पेटीवर खिळे ठोकत होती.

"घोडे रंगवणार? लाकडी?"

"हो, दोन्या."

"गवत खात नाहीत, लीद टाकत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक चांगलं आहे. आणि ते चक्र फिरलंच नाही तर?"

मी पुढचा खिळा तिच्या हातात दिला.

"त्या शनिवारनंतरच्या सोमवारी हंगाम सुरू होतो," ती म्हणाली. "तोवर तुझा बाक रिकामा ठेवते. सोमवारी सातच्या भोंग्याला नसलीस तर चोनाच्या सुनेला देईन. माझ्यावर रुसायचं नाही."

घोडे मोठमोठ्या पेट्यांतून गवतात गुंडाळून आले. चक्राचं यंत्र मात्र इथलंच, उत्तरेकडच्या एका बंद पडलेल्या बागेतलं. इंग्लंडचं यंत्र वाफेवर चालणारं, ते आणणं परवडण्यासारखं नव्हतं. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पहिल्या दिवशी, बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस लावून आले आणि मी पहिला घोडा उघडला.

त्या दिवशी मी नवस बोलले. संत होसे सुतार होता, लाकडाचं काम त्याच्याकडे. त्याला म्हटलं, रविवार सोडून रोज एक घोडा पूर्ण करीन, आणि घोडे फिरेपर्यंत कॉफीला शिवणार नाही.

चेंचोने कपाळावर हात मारला. "अगं लाले, मांस सोड, अंडी सोड, मला सोड! पण कॉफी? सकाळी तुझ्याशी बोलायचं कोणी?"

"बोलू नकोस."

"हा तर माझाच नवस झाला की!"

आमच्याकडे कॉफी मातीच्या भांड्यात उकळतात, दालचिनी आणि गूळ घालून. चेंचो रोज सकाळी ती करायचा आणि वास माझ्याकडे येऊ नये म्हणून अंगणात जाऊन प्यायचा. वास यायचाच. मी जपमाळ ओढायचे.

आता चूक कशी झाली ते सांगते, कारण ती माझी होती.

घोडा उघडला की दिसायचं, त्याची डावी बाजू कोरीव. मानेवर उडती आयाळ, खोगिरावर गुलाब, छातीला फिती, मानेवर नाव लिहायला एक लहर घेतलेली पट्टी. उजवी बाजू सपाट. आयाळ म्हणजे चार रेघा, खोगीर म्हणजे एक फुगवटा. पहिल्या दिवशीच मी ते पाहिलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोनाड्यातल्या संतांची पाठ अशीच असते. सुतार समोरून जीव ओततो, मागून रंधा मारून सोडतो. भिंतीकडची बाजू कोण बघणार? मी म्हटलं, ही त्यांची भिंतीकडची बाजू. मी कधी असल्या चक्रावर बसलेच नव्हते. ते कोणत्या अंगाने फिरतं, बाहेर कोणती बाजू येते, हे मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

चेंचोनेही पाहिलं. त्याचे वडील सीमेपलीकडच्या सोनोरात गुरं राखणारे घोडेस्वार. तो म्हणाला, "बरोबर आहे. घोड्यावर डावीकडूनच चढतात. चढणाऱ्याला जी बाजू दिसते ती सजवलीय."

आणि डॉन ओरिनना शेडमध्ये घोडे दिसायचे ते ओळीने भिंतीला टेकवलेले, डावी बाजू समोर. ते बघायचे, हसायचे आणि जायचे. आम्हा तिघांकडे तीन चांगली कारणं होती.

काम छान चाललं. जुना रंग खरवडायचा, चिरा भरायच्या, दोन हात पांढरा, मग रंग. आयाळीच्या खाचांत मी अक्रोडाच्या सालीचं पाणी भरायचे, गेल्या शरदातली साल भिजवून केलेलं. जो डाग आयुष्यभर हातावरून निघाला नाही तो घोड्याच्या केसांत असा खुलला की सांगता सोय नाही. सपाट बाजूही मी मन लावून रंगवली. पाद्रीबाबा म्हणतात, कोनाड्याच्या मागे माणूस बघत नाही, देव बघतो. म्हणून प्रत्येकाच्या उजव्या कानाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, संत होसेच्या काठीवरचं एक पांढरं फूल काढलं.

"नावं काय घालू?" मी डॉन ओरिनना विचारलं. जुनी नावं पुसून गेली होती, कोणा कोणा सेनापतींची होती म्हणे.

"तुला आवडतील ती घाल. मला सेनापती नकोत."

मग मी आमच्या बायकांची नावं घातली. चोना, एउलोहिया, प्रुडेन्सिया, पेत्रा. सगळ्यांत मोठे दात असलेल्या काळ्या घोड्याला त्रान्सितो. कॉलनीत ही बातमी माझ्या आधी पोचली. विहिरीवर, दळणाच्या चक्कीवर एकच विषय, कोणाचा घोडा कोणत्या रंगाचा. सगळ्याजणी शनिवारी येणार होत्या.

छत्तिसावा घोडा पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी झाला. ईस्टर आला. सगळ्या गल्लीत कॉफीचा वास, माझ्या पेल्यात पाणी.

ईस्टरनंतरच्या सोमवारी घोडे चक्रावर चढवायला सुरुवात झाली. लॉस एंजेलिसहून मिस्टर डेलाप नावाचे यंत्रवाले आले होते. त्यांनी दांडे कुठे, तोंड कुठे ते सांगितलं, आणि चेंचो व इतर चौघं घोडे उचलून ठेवत गेले. मी घरी जेवण करत होते. दुपारी जेवणाचा डबा घेऊन गेले.

सगळे घोडे सपाट बाजू बाहेर करून उभे होते. गुलाब, फिती, आयाळी, चोना, पेत्रा, सगळं आत, यंत्राकडे. बाहेरून दिसत होत्या नुसत्या सपाट फळ्या आणि कानाखाली एकेक फूल.

डॉन ओरिन रिकाम्या पेटीवर बसले होते. त्यांची टोपी जमिनीवर पडली होती.

"इंग्लंडचे घोडे आहेत," मिस्टर डेलाप सांगत होते. "तिकडे चक्र दुसऱ्या बाजूने फिरतं. तिथल्या घोड्याची शोभा डावीकडे, आपल्या घोड्याची उजवीकडे. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"मला वाटलं, घोडा तो घोडा," डॉन ओरिन म्हणाले.

"दुसरी बाजू कोरून घ्या. चांगला माणूस शरद ऋतूपर्यंत करील."

शरद ऋतूपर्यंत.  माझा सोमवारचा बाक डोळ्यांपुढे आला, भोंगा ऐकू आला. आणि त्याहून वाईट म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सपाट बाजू मी रोज पाहत होते. एक शब्द कोणाजवळ बोलले असते तर वेळ होता. जपमाळेवर इतके शब्द बोलले, त्यातला एकही इकडे खर्चला नाही.

"मग उलटं फिरवा की!" चेंचो म्हणाला. "घोड्यांची तोंडं वळवा, यंत्र दुसरीकडून फिरवा. डाव्या बाजूने चढतील. उजवीकडून घोड्यावर चढणारा माणूस मी आजवर बघितला नाही, दारूच्या नशेतसुद्धा!"

मिस्टर डेलाप हसले. "या देशात असं एकही चक्र फिरत नाही. यंत्राचे दाते एका बाजूने झिजलेत. आणि कडीचं काय? कडीचा खांब बाहेर असतो. असं फिरवलंत तर बाहेरचा हात डावा होतो. लोक डाव्या हाताने कडी ओढणार?"

कडी म्हटल्यावर डॉन ओरिननी मान हलवली. "नाही. कडी राहिलीच पाहिजे. कडी नसेल तर ते नुसतं फिरणं. आपण पुढे ढकलू. हेस्टरला सांगतो, शनिवारच्या जाहिरातीचे कागद उतरवायला."

ते उठले. मी म्हटलं, "तुम्ही कावळ्यांना अक्रोड डाव्या हाताने मारता."

कोणाला ऐकू आलं नाही. मिस्टर डेलाप आपली हत्यारं गोळा करत होते, कोणीतरी पेटी ओढत होतं. नेहमी अशा वेळी चेंचो माझा भोंगा होतो. मी त्याच्या कानात बोलते, तो गावाला सांगतो. मी त्याची बाही ओढली. तो वाकला, त्याने ऐकलं, आणि सरळ उभा राहून ओरडला:

"पेटी ओढू नका रे! माझी बायको बोलते आहे!"

सगळे थांबले. मी वाट पाहिली, तो पुढचं सांगेल म्हणून. तो म्हणाला, "काय म्हणाली ते मी नाही सांगणार. तिलाच विचारा."

असा माणूस! सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डबा खाली ठेवला.

"डॉन ओरिन," मी म्हटलं, "चूक माझी आहे. सपाट बाजू मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. मला वाटलं, संतांच्या पाठीसारखी आहे. मी विचारलं नाही."

"तुझी कसली चूक? घोडे मागवायचं पत्र मी लिहिलं."

"आणखी एक सांगायचंय. मी डावरी आहे. शाळेत बाईंनी माझ्या या हातावर मोजा चढवून वर दोरी बांधली होती. क्रूस उजव्या हाताने करते, लिहिते उजव्याने, बाकी सगळं डाव्याने. हे घोडे डाव्याने रंगवलेत. म्हणून दुसरं डावरं माणूस मला लांबून ओळखू येतं. तुम्ही रोज सकाळी कावळ्यांना अक्रोड मारता, ते कोणत्या हाताने?"

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, जणू कोणीतरी नवीनच आणून दिलेत.

"डाव्या," ते म्हणाले.

"नेम चुकतो?"

"नाही."

"आणि धक्क्यावर कडी कोणत्या हाताने ओढत होतात?"

 उत्तर दिलं दोन्या हेस्टरने, ती मघाशीच मागे येऊन उभी होती. "उजव्याने, ऑरिन. तिथे बाहेर उजवाच हात येतो, दुसरा कुठून येणार? आणि तुझ्या आईने तुला सांगितलं होतं, डावा हात पुढे करायचा नाही. ते मला तिने स्वतः सांगितलंय, अभिमानाने."

डॉन ओरिन पुन्हा पेटीवर बसले. मला वाटलं मी फार बोलले. इतकं बोलायची मला सवय नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि कळलं की ते हसताहेत.

"पन्नास वर्षं," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी समजत होतो की माझं नशीब खोटं आहे."

"उजव्या हाताची मुलं कुरकुरतील," मिस्टर डेलाप म्हणाले.

"कुरकुरू देत. बाकीच्या सगळ्या देशात त्यांचं चालतंच की." ते उठून चेंचोकडे वळले. "दात्यांचं काय करशील?"

"काढून उलटे बसवीन. एक बाजू झिजली, दुसरी कोरी आहे. तिला कोणी हातच लावला नाही अजून."

"किती दिवस?"

"दिवस किती आहेत तुमच्याकडे?"

"चार."

"मग चार."

त्या चार दिवसांत चेंचो घरी आला तो फक्त झोपायला. तेलाने इतका माखला होता की दोन्या हेस्टरने त्याला आपल्या खुर्चीवर बसू दिलं नाही, वर्तमानपत्रावर बसवलं. घोडे पुन्हा उतरवले, वळवले, चढवले. चढवताना दोघांचा रंग खरचटला, तो मी दुरुस्त केला. मिस्टर डेलाप बुधवारी जाणार होते. ते गेले नाहीत. बाह्या वर करून यंत्राच्या पोटात शिरले आणि चेंचोला म्हणाले, "हे चाललं तर मी कोणाला सांगणार नाही, आणि नाही चाललं तर सगळ्यांना सांगेन." मी घोड्यांना सोनेरी वर्खाच्या पट्ट्या लावताना जपमाळ म्हणत होते. गुरुवारी एकदा तेच यंत्राखालून म्हणाले, "बाई, थांबू नका, लयीत बरं चाललंय."

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला चेंचोने कळ दाबली. आधी नुसता गुरगुराट झाला. मग कुठेतरी 'टक्' वाजलं आणि घोडे निघाले. हळू, मग जरा जोरात, वरखाली होत, गुलाब बाहेर, फिती बाहेर. चोना गेली, एउलोहिया गेली, मोठे दात दाखवत त्रान्सितो गेली. प्रत्येक फेऱ्याला एका जागी ते 'टक्' वाजायचं. अजून वाजतं. चेंचो म्हणतो, ती यंत्राची कुरकुर आहे, उजव्या हाताच्या मुलांसारखी.

डॉन ओरिन बाहेरच्या एका करड्या घोड्यावर चढले, डावीकडून. पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते. कडीचा खांब जवळ आला तसा त्यांनी डावा हात सहज पुढे केला, कावळ्याला अक्रोड मारावा तसा. लोखंडी कडी हातात आली. दुसऱ्या फेऱ्याला दुसरी. त्यांना काही बोलायचं होतं, पण चक्र त्यांना पुढे घेऊन गेलं. चौथ्या फेऱ्याला बोटांत पिवळं चमकलं.

चक्र थांबल्यावर ते कडी घेऊन खाली उतरले आणि कितीतरी वेळ ती बघत राहिले.

"नियम आहे, ऑरिन," दोन्या हेस्टर म्हणाली. "कडी परत द्यायची."

"माहीत आहे." त्यांनी ती चेंचोच्या हातात ठेवली. "दे मग माझा आणखी एक फेरा."

ते फिरत होते तेवढ्यात चेंचो यंत्रामागे गेला आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आला. झाकण काढलं तर दालचिनीचा वास. सकाळपासून तिथे ठेवली होती म्हणे.

"आणि चक्र फिरलं नसतं तर?"

"तर मी प्यायलो असतो. एकट्याने, तुझ्या आठवणीत."

मी आधी क्रूस केला, उजव्या हाताने, आणि संत होसेचे आभार मानले. मग बाटली डाव्या हातात घेऊन तोंडाला लावली. कॉफी कोमट होती, गूळ जास्त झाला होता. इतकी गोड गोष्ट माझ्या तोंडात त्याआधी गेली नव्हती, नंतरही क्वचितच.

शनिवारी सगळी कॉलनी आली. बायका आपापलं नाव शोधत चक्राभोवती फिरत होत्या आणि चक्र त्यांच्या उलट फिरत होतं, त्यामुळे नावं सापडायला वेळ लागत होता. दोन्या त्रान्सितो काळा पोशाख आणि फुलांची टोपी घालून आली. आपल्या घोड्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझे दात असे आहेत?"

"नाहीत, दोन्या. इंग्लंडहून आला तेव्हापासूनच त्याचे तसे आहेत."

"आणि छत्तिसांत तुला माझ्यासाठी हाच मिळाला."

"याचा आवाज सगळ्यांत मोठा वाटला," मी म्हटलं.

ती इतकी हसली की टोपी सरकली. मग दोघींनी धरून तिला वर चढवलं आणि तिने तीन फेरे केले, एकही कडी न पकडता. उतरल्यावर म्हणाली, "तुझा बाक चोनाच्या सुनेला देते. चांगली मुलगी आहे, पण बोलते फार."

एका गृहस्थांनी तक्रार केली की डाव्या हाताने कडी ओढता येत नाही. त्यांच्याच मागच्या घोड्यावरच्या झिपऱ्या मुलीने सहा ओढल्या होत्या.

सोमवारी सकाळी सातचा भोंगा झाला तेव्हा मी पार्कात होते. दोन दिवसांत घोड्यांवर किती मुलं बसून गेली त्याची गणती नव्हती. मी एकेक घोडा हात फिरवून पाहत गेले. बुटांच्या टाचांनी, पट्ट्यांच्या बकलांनी अकरा घोड्यांचा रंग उडाला होता. त्रान्सितोच्या एका दातावर तर चांगला टवका उडाला होता.

मी डबा उघडला आणि तिच्या दातापासून सुरुवात केली.